स्टोव्हवाल्याची सही

मंगळवार पेठेत आमच्याकडे स्टोव्ह दुरुस्त करायला एक गृहस्थ येत. पंपाचं चामडं बदललं की झिजलेलं चामडं माझ्यासमोर धरत. "बघून घ्या वहिनी. मी म्हणतोय म्हणून इस्वास ठेवायचा न्हाय." मला त्यांचं हे फार आवडायचं.

एकदा ते सकाळपासून आमच्या पायरीवर स्टोव्ह खोलून बसले होते. दुपारी एक हवालदार कागद घेऊन आला. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी तो दाबून धरला. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि न वाचता सही केली. मी मात्र वाचलं. त्याच सकाळी शाहूपुरीत एका हमालाच्या घरात चोरीचे दागिने सापडले आणि ते यांनी समक्ष पाहिले, असं त्यात लिहिलं होतं.

हवालदार गेल्यावर मी म्हणाले, "तुम्ही तर इथंच होता."

"व्हय की. त्यास्नी साक्षीला पंच लागतोय. चौकीसमोर दुकान हाय माझं, न्हाय कसं म्हणायचं?"

काही महिन्यांनी, पुढच्या खेपेला पंप खोलता खोलता ते म्हणाले, "त्या हमालाला तीन वर्सांची सजा झाली. सरकारी वकिलानं इचारलं, डोळ्यांनी बघितलंस? म्या म्हटलं, व्हय."

ते त्या सकाळी कुठं होते, हे त्यांच्याशिवाय मलाच ठाऊक होतं.

त्यांनी झिजलेलं चामडं माझ्यासमोर धरलं. "बघितलं न्हवं, वहिनी?"

मी मान हलवली आणि स्टोव्ह आत नेला.