सबजेलच्या रजिस्टरातला मिलिंद

"तुला कधी अटक झाली होती का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही मॅडम. आईची शपथ."

"शपथा कोर्टात घ्यायच्या. मला नुसतं खरं सांग."

"नाहीच मॅडम."

समोर बसलेला मिलिंद वरकुट्याचा. वय तेवीस, डी.एड. झालेला. प्राथमिक शिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. बौद्ध कुटुंब, दीड एकर रान, आणि घराण्यात पगाराची नोकरी लागलेला हा पहिलाच. हातात नेमणुकीच्या पत्राऐवजी नोटीस होती. बारामतीतलं माझं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि दाराशी एक बाक. बाकावर त्याचे वडील केरूआबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. हे सगळं नव्वदच्या दशकातलं, म्हणजे कॉम्प्युटर फक्त बँकेत बघायला मिळायचा तेव्हाचं.

नोटीस काय होती ते सांगते. सरकारी नोकरीआधी उमेदवाराकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, तुम्हाला कधी अटक झाली आहे का? मिलिंदनं "नाही" लिहिलं. पोलिसांच्या पडताळणीत उत्तर आलं, "होय. बेकायदा जमाव. तीन दिवस सबजेल." आता गंमत अशी, की असली किरकोळ केस असली तरी नोकरी सहसा जात नाही. नोकरी जाते ती माहिती दडवली म्हणून. म्हणजे मिलिंदला केस नडत नव्हती, त्यानं लिहिलेलं "नाही" नडत होतं. खुलासा द्यायला पंधरा दिवसांची मुदत होती आणि त्यातले सहा पोरानं घाबरून घरातच काढले होते.

"वकीलबाई," बाकावरून आबा म्हणाले, "त्या टायमाला गावात..."

"थांबा आबा. आधी मिलिंदला सांगू दे."

आबा थांबले. ही माझी जुनी खोड. एकदा धागा हातात आला की दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. सासूबाईंनी या खोडीबद्दल मला बरंच सुनावलेलं आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

माझे सीनियर सर पलीकडच्याच गाळ्यात बसायचे. त्यांना नोटीस दाखवली.

"सोपं आहे," सर म्हणाले. "कोर्टात जा. केस सुटली असेल तर निकालाची नक्कल काढ. नक्कल जोड, माफी माग, मोकळी हो."

"पण सर, तो म्हणतो अटकच नव्हती."

"सगळेच म्हणतात."

सरांचं हे वाक्य मला लागलं. पोरगं खरं बोलतंय असं मला वाटत होतं, पण वाटण्याला कोर्टात किंमत नसते.

आता माणसाच्या अटकेचे कागद कुठं सापडतात? तीन जागा असतात. पोलीस ठाण्यात अटकेची नोंद, कोर्टात केसची फाईल आणि जेलमध्ये कैद्यांचं रजिस्टर. तिन्हीकडं एकच माणूस, पण लिहिणारे हात तीन. हे तेव्हा मला ठाऊक होतं. त्याचा उपयोग काय होतो, ते अजून ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं इंदापूर गाठलं. मिलिंद आणि आबा वरकुट्याहून परस्पर आले होते. पोलीस ठाण्यातल्या नोंदीत मिलिंदचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर निघालं. कालव्याच्या पाण्यासाठी गावानं जेलभरो केला होता. जेलभरो म्हणजे आपणहून अटक करून घ्यायची आणि जामीन नाकारायचा. एक्केचाळीस जण होते. मिलिंद चोविसावा.

"हे आंदोलन मला माहीत आहे," मिलिंद म्हणाला. "पण मी तेव्हा बारामतीला होस्टेलवर होतो. परीक्षा चालू होती. हॉलतिकीट आहे माझ्याकडं."

कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत लागलेले. क्लार्कनं नंबर बघून मान हलवली.

"फाईल नाही मिळायची मॅडम. नष्ट केली."

छोट्या केसच्या फाईली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. राहते ती निकालाच्या रजिस्टरातली एक ओळ. ती ओळ मिळाली. सरकारनं केस मागं घेतली, असा शेरा होता. एरवी मी उडी मारली असती. पण केस मागं घेतली याचा अर्थ अटक झालीच नव्हती असा होत नाही. उलट झाली होती हेच पक्कं झालं.

मिलिंद कोर्टाच्या पायरीवर बसला. "मॅडम, हॉलतिकिटावर तीन पेपर आहेत. मधले चार दिवस मोकळे आहेत. ते म्हणतील, त्या दिवसांत गावाला आला असशील."

पोरगं माझ्यापेक्षा पुढचं बघत होतं. मला त्याची दया आली आणि स्वतःचा रागही आला.

उरलं सबजेल. तालुक्याचं सबजेल तहसील कचेरीच्या आवारात आणि जुनी रजिस्टरं कचेरीच्याच कपाटात. अर्ज केला, कोर्ट फीचं तिकीट लावलं. तिथल्या कारकून भाऊसाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. जेवायची वेळ झाली होती.

"बाई, जेलच्या रजिस्टराला आजवर कुणी हात लावला नाही. कशाला पाहिजे?"

"बघायचंय."

"नुसतं बघायला?"

"हो. नुसतं बघायला."

त्यांना ते वेडेपणाचं वाटलं असणार. पण डबा बाजूला ठेवून त्यांनी रजिस्टर काढून दिलं. मी खिडकीशी उभी राहून पान उघडलं. प्रत्येक कैद्यापुढं रकाने होते: नाव, गाव, स्त्री की पुरुष, वय, शरीरावरची खूण, शेवटी सही किंवा अंगठा. मी बोट फिरवत चालले होते आणि अकराव्या ओळीवर थांबले.

नाव होतं महादेव. पुढं लिहिलं होतं, स्त्री, वय पंचेचाळीस, कपाळी गोंदण.

मी परत वाचलं. भाऊसाहेबांना दाखवलं. ते चष्मा पुसून वाकले आणि खो खो हसायला लागले.

"महादेव बाई झाला की हो!"

पुढं ज्ञानदेव निघाला, तोही स्त्री. नामदेव म्हणून कोणी वय बासष्ट, दात पडलेले. केरूआबांनी सांगितलं, नामदेव त्यांच्या गल्लीतला आणि तेव्हा मिसरूडही न फुटलेला.

माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. सबजेलचा तो शिपाई कोण होता देव जाणे, पण माणूस मोठा इमानी. नाव त्यानं पोलिसांनी दिलेल्या यादीवरून उतरवलं, कारण ते बदलायचा त्याला अधिकार नव्हता. बाकीचे रकाने त्याला स्वतःच भरायचे होते. समोर जे उभं होतं तेच त्यानं लिहिलं. दोन्हींचा मेळ बसत नाही ही त्याची डोकेदुखी नव्हती.

मग चोविसावी ओळ काढली. मिलिंद, वरकुटे, पुरुष. वय अंदाजे पन्नास. खूण: डाव्या हाताची करंगळी अर्धी. शेवटी अंगठा.

मिलिंद पुढं वाकला होता. त्यानं वाचलं आणि हळूच वडिलांच्या हाताकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांची करंगळी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती, हे मिलिंदनं नंतर सांगितलं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही गेला होता जेलमध्ये?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत व्हतो. तुमी थांबा म्हणाला."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. हसू दाबत असावेत.

"पण आबा, तुम्ही पोलिसांना माझं नाव का सांगितलंत?" मिलिंदचा आवाज चढला होता.

"मी कुठं सांगितलं? त्येंनी पुकारलं, मी हाय म्हणालो. आपल्या घराचा पुकारा व्हता त्यो."

मग सगळं उलगडलं. वरकुट्यात श्रमदान असो, ग्रामसभा असो की रात्रीची गस्त, हिशेब घरटी एक माणूस असा. वहीत प्रत्येक घराचं एकच नाव. घरातून बाप येवो, आई येवो, भाऊ येवो, पुकारा झाला की जो आलाय तो "हाय" म्हणतो आणि घराची हजेरी लागते. आबांच्या घराला मिलिंदचं नाव होतं, कारण घरात शिकलेला तोच. जेलभरोच्या दिवशी पुढाऱ्यांनी ती श्रमदानाचीच वही उचलली आणि पोलिसांना यादी म्हणून दिली. एक्केचाळीस घरं जेलमध्ये गेली. माणसं कोणती हे कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं.

"छान शोधलंस. पण आता बापाचं प्रतिज्ञापत्र लागेल. दुसऱ्याच्या नावावर पोलिसांना 'हाय' म्हणालो, असं तो लिहून देणार. उद्या कोणी ठरवलं तर त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल. सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. आबांसमोर बसून, मध्ये न तोडता, एकेक शब्द. मिलिंद म्हणाला, "नको मॅडम. नोकरी गेली तर गेली. आबांना यात ओढू नका."

आबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"आंगठा माझा हाय ना वकीलबाई? मग नाव बी माझंच लिवा."

प्रतिज्ञापत्र झालं. सबजेलच्या पानाची नक्कल जोडली, हॉलतिकीट जोडलं. महादेवाच्या ओळीवर मी मुद्दाम लाल खूण केली. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला, नोटीस काढणाऱ्या साहेबांपुढं उभे राहिलो. साहेबांनी कागद चाळले आणि महादेवापाशी आल्यावर चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"त्या महादेवची बायको आहे साहेब," मी म्हटलं. "घरटी एक माणूस होता."

साहेब हसले नाहीत. आबांना म्हणाले, "हे लिहून दिल्यानं तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कळतंय ना?"

"व्हय साहेब. बाईंनी समदं सांगितलंय."

"हात बघू."

आबांनी डावा हात टेबलावर ठेवला. साहेबांनी करंगळी बघितली, नक्कल बघितली, परत करंगळी बघितली. मग "कळवतो" म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अटक झालेली व्यक्ती उमेदवार नव्हे, असं साहेबांनी मान्य केलं होतं. आबांवर काही कारवाई झाली नाही. मिलिंदला डाळजजवळच्या शाळेत नेमणूक मिळाली. पेढे आले. पाठोपाठ वरकुट्याची आणखी सात पोरं ऑफिसात आली, कारण त्यांच्याही घरातलं कोणी ना कोणी त्यांच्या नावानं आत जाऊन आलं होतं. त्यांच्याबरोबर महादेवचा मुलगाही होता. त्याच्या घराचं नाव बापाचं असल्यामुळं त्याचं काहीच अडणार नव्हतं, तरी आईनं पाठवलं होतं.

महिन्याभरानं आबा एकटेच आले. या वेळी मी त्यांना आधी बोलू दिलं.

"बाई, मिलिंदचं नाव निघालं, बेस झालं. पण तितं माझं लिवलं का?"

"नाही आबा. जुनं रजिस्टर कोणाला बदलता येत नाही. तो मिलिंद नव्हता, एवढंच ठरलं."

"म्हंजे मी बी न्हाय, त्यो बी न्हाय." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग तीन दिस जेलात व्हतं कोण?"

पाण्यासाठी हा माणूस तीन दिवस फरशीवर झोपला होता आणि मी त्याच्या लेकाची नोकरी वाचवताना त्याचे ते दिवस कागदावरून पुसले होते. मला वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं.

मग त्यांच्या प्रतिज्ञापत्राची शिक्क्याची एक नक्कल काढून दिली. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली. 'मी केरू, राहणार वरकुटे, सदर तीन दिवस सबजेलमध्ये होतो,' या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"आता बरूबर हाय," म्हणाले आणि नक्कल घेऊन एसटीला गेले.

पुढं पंचवीस वर्षं वकिली केली. कुठलंही रजिस्टर मी शेवटच्या रकान्यापासून वाचत आले. आधी अंगठा बघायचा, नाव सगळ्यात शेवटी. आणि पक्षकाराबरोबर जो आलेला असतो, त्याला पहिल्यांदा बोलू द्यायचं.