पासवर्डचा तिच्याकडचा अर्धा भाग

माझा स्वभाव मुळातच चुळबुळ्या. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत वर जाऊन पुन्हा ओढायचं. उमेदीची वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. तिथे ह्या स्वभावाला शाबासकी मिळायची, घरी टोमणे मिळायचे. "तुमच्या ओढण्यानेच तुटेल एक दिवस ते कुलूप, मग चोराला काही कष्टच नकोत," असं बायको म्हणायची.

तरी कुलूप निदान डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. पासवर्ड ओढून बघता येत नाही. आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा घरात एकच ई-मेल होता आणि त्याला एकच पासवर्ड. मग गॅस, वीज, पेन्शन, रेल्वेची तिकिटं असं एकेक करत सगळंच त्या यंत्रात शिरलं आणि प्रत्येकाला आपापला पासवर्ड हवा झाला. हे सगळं बायको बघायची. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, बटणांची तिला भीती नव्हती. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू, असं मी सुचवलं तर म्हणाली, "देवघर, कपाट आणि संडास, सगळ्याला एकच किल्ली करायची का? करा, आपलं काय जातंय."

म्हणून मी एक युक्ती काढली. दुधाचा हिशेब, कामवाल्या बाईंचे खाडे, सिलिंडर कधी लावला, हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायची आमच्याकडे पद्धत. त्याच चौकोनांत मी पासवर्ड लिहायला लागलो, दुधाच्या नोंदींच्या वेषात. चोर आलाच तर त्याला वाटेल, ह्या घरात दूध फार पितात. वर्षभर ही व्यवस्था झकास चालली. जानेवारी उजाडला, बायकोने नवं कॅलेंडर टांगलं आणि जुनं रद्दीत घातलं. मी धावत रद्दीच्या दुकानात पोचलो तोवर गठ्ठे टेम्पोतून गेले होते. "काका, गेल्या वर्षात एवढं काय राहिलं होतं?" दुकानदाराने विचारलं. पुढे कितीतरी दिवस बायको एकेका ठिकाणी 'पासवर्ड विसरलात का?' ह्यावर टिचकी मारत बसली होती, आणि चहा देताना विचारायची, "दूध किती लिटर घालू?"

मग पासवर्ड साठवायला मी बुधवार पेठेत जाऊन पेनड्राइव्ह आणला. हा हरवला तर काय करायचं, असं दुकानदाराला विचारलं. "हरवू नका," एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो पेनड्राइव्ह मी इतक्या वेळा जागा बदलून ठेवला की आता तो पूर्ण सुरक्षित आहे. मलाही सापडलेला नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बायकोला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी वय, मग वजन, मग पित्त, अशी आमची आपापसातली निदानं करून झाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल. जोखीम आहे, पण न केलं तर जास्त आहे.

घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि म्हणाली, "बसा जरा. सगळे पासवर्ड सांगते, ऐकून घ्या."

मी उठलो आणि गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला गेलो. सकाळी घातलेलंच होतं.

त्यानंतर हेच सुरू झालं. तिने विषय काढला की मला काम आठवायचं. स्कूटरमध्ये हवा भरायची असायची, टाकीचा कॉक बघायचा असायचा. ऐकून घेणं म्हणजे ती परत येणार नाही असं धरून चालणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"नसतं अभद्र बोलू नकोस," मी म्हणायचो.

"पासवर्डात काय आलंय अभद्र? रेल्वेचं तिकीट तुम्हाला काढता यावं, एवढंच म्हणतेय मी."

"कुठे जायचंय मला एकट्याला?" एकदा मी ओरडलोच.

ऑपरेशनच्या आधी मुलगी बंगळुरूहून आली. तिने आईच्या आणि माझ्या फोनवर एक ॲप घातलं. सगळे पासवर्ड त्या ॲपच्या पोटात, आणि ॲपला मिळून एकच मोठा पासवर्ड. तो कुठेही लिहायचा नाही, पाठ करायचा. "तुम्हाला दोघांनाही पाठ पाहिजे हं, बाबा," ती म्हणाली. आणि तिथे मला सुचलं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक त्यांची आणि एक आपली. तसंच करायचं. मोठ्या पासवर्डचा पहिला अर्धा भाग मी ठरवणार, दुसरा बायको. एकमेकांना सांगायचा नाही. उघडायचं झालं की दोघांनी शेजारी बसून उघडायचं.

"बाबा, असं कुणीही करत नाही. उद्या गरज पडली आणि आई..." मुलगी मध्येच थांबली.

"आई काय?" मी विचारलं.

बायको थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, "करू दे गं त्यांना हवं तसं."

चोरापासून दुप्पट बंदोबस्त, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिचा अर्धा भाग तिच्याकडे आहे तोवर घराचं सगळं तिच्यावाचून अडलेलं राहणार, आणि अडलेलं काम टाकून ती आजवर कधी कुठे गेलेली नाही. म्हणजे तिला परत यावंच लागेल. हा सौदा मी कुणाशी करत होतो, देवाशी की त्या झडपेशी, मला सांगता येणार नाही. पण त्याच्या आधारावर माझे ते दिवस निभत होते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. "एका जागी बसा," एवढंच ती जाताना मला म्हणाली. मी अर्थातच बसलो नाही. मुलगी रक्ताच्या पिशव्यांच्या धावपळीत होती. मी दरवाजापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दरवाजापर्यंत फेऱ्या घालत होतो. भिंतीवर लावलेल्या सूचना वाचून झाल्या, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढून झाल्या.

दुपारच्या सुमारास आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी डबा घेऊन आल्या. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातल्याच. त्यांची आणि बायकोची दुपार एकत्र जायची, भाजी निवडण्यात आणि सोसायटीच्या चेअरमनला नावं ठेवण्यात.

"भाईसाहेब, दोन घास खाऊन घ्या."

"नको, भाभी."

"मग बसा तरी. फरशी झिजली तर तेही बिलात लावतील."

मी बसलो. डबा मांडीवर धरून त्या म्हणाल्या, "ताईंनी मला एक शब्द सांगून ठेवलाय. त्यांच्या वाटणीचा. म्हणाल्या, आमचे हे ऐकून घेणार नाहीत, तुम्ही ऐकून ठेवा. तशीच वेळ आली तर सांगा त्यांना."

"सांगू नका!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की दारावरचा रखवालदार उठून उभा राहिला.

"मी कुठे सांगतेय? वेळ येऊच नये म्हणून सकाळपासून दुआ करतेय. पण तुम्हाला कळायला हवं, भाईसाहेब. ताईंना ऑपरेशनची एवढी भीती नव्हती. तुमचं कसं होईल ह्याची होती."

मला भाभींचा राग आला. मग बायकोचा आला, की आमचं ठरलेलं तिने परस्पर बाहेर सांगितलं. आणि मग लक्षात आलं. तिला जायच्या आधी माझ्याशी बोलायचं होतं. मी ऐकत नाही म्हणून ती समोरच्या दाराशी जाऊन बोलून आली होती. माझा सगळा बंदोबस्त तिला घरात अडकवायला होता, आणि त्यात अडकून पडलो असतो तो मी. तिला ते पहिल्यापासून दिसत होतं.

भाभींनी डबा उघडला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी थोडी खिचडी खाल्ली.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. झडप बसली, म्हणाले.

"नीट बसलीय ना?" मी विचारलं.

"आत येऊन तपासता का?" ते म्हणाले आणि हसले. भाभींनी डोळे मिटून घेतले. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

दुसऱ्या दिवशी मला थोडा वेळ आत सोडलं. बायको नळ्यांमध्ये पडून होती, पण शुद्धीवर होती. मी सकाळपासून ठरवून आलो होतो. खाली वाकलो आणि म्हणालो, "माझा अर्धा भाग सांगतो, ऐक. मला काही झालं तर तुझं अडायला नको."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कसा काय?"

"टाइप करताना एकेक अक्षर पुटपुटता तुम्ही. पहिल्याच दिवशी कळला." तिने दम घेतला. "मला सगळं उघडता येतंय हो. तुम्हालाच नाही येत."

नर्स घड्याळाकडे बघत होती. मी पलंगाची कड धरली.

"सांग," मी म्हणालो.

तिने सांगितला. मला रडू आवरत नव्हतं, धड ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हटलं. तेव्हा तिने एकेक अक्षर सुटं करून, मध्ये थांबत, दम घेत सांगितलं, आणि मी तिच्यामागून ते म्हणत गेलो.