गोणपाटातले दहा दाणे

आज माझ्या वर्गातल्या लेकरांनी ओल्या गोणपाटात सोयाबीन गुंडाळलं आणि त्या वासाने मी माझ्या गावच्या, साखऱ्याच्या शाळेत, तिसरीत जाऊन बसले.

बियाणं चांगलं आहे का ते पाहायला गुरुजींनी घरच्या बियाण्यातले दहा दाणे आणून ओल्या गोणपाटात गुंडाळायला सांगितले होते. मला धीर धरवेना. "सारखं उघडून काहून पाहून राहिलीस?" गुरुजी ओरडायचे. पाचव्या दिवशी सगळ्यांचे आठ-नऊ दाणे उगवले, माझे तीनच. पेरणी तोंडावर होती आणि घरात तेच बियाणं होतं. बाबांना सांगायचं कसं?

"शाळंतल्या खेळावर पेरणी थांबवू व्हय?" बाबा म्हणाले.

"मंग तुमीच लावून पाहा न!"

त्या संध्याकाळी ओसरीच्या कोपऱ्यात ओलं गोणपाट दिसलं. आई हसायची, "पोरीपेक्षा बापच जास्त उघडून पाहून राहिला."

उगवले चारच. बाबांनी बियाणं बदललं.

तेव्हा वाटलं, मी जिंकले. पुढे बाबांनी शिकवलं आणि घरातली पहिली पदवी माझ्या हातात आली, तेव्हा कळलं, पोरीचं म्हणणं बाबांनी हसण्यावारी नेलं नव्हतं, करून पाहिलं होतं.

म्हणून आज एक लेकरू तिसऱ्यांदा गोणपाट उघडायला धावलं, तेव्हा मला रागावता आलं नाही. मीही त्याच्या मागोमाग जाऊन वाकले.