डोक्याबिगर फेटा

आमचं मालक, आकाराम फेटेवाले, डोकं दिसलं की बांधत्यात. कोल्हापुरात पन्नास वर्षं हेच केलं. नवरदेव बांधले, पैलवान बांधले, निवडून आलेले बांधले आन् पडलेलेबी बांधले. एकदा बेंदराला बैलाला बांधला, तर बैल दिवसभर मान ताठ धरून हिंडला, चाऱ्याला तोंड लावंना. घरात उघड्या डोक्याची ऱ्हायली ती माझी कळशी, आन् तीबी मी भांडून ठेवलीया.

आता वय चौऱ्याहत्तर. हात थरथरत्यात. डॉक्टर म्हनला, बास करा. मालक म्हनलं, "एक शेवटचा बांधतो आन् सोडतो." कुनाचा, ते काय सांगंनात. मला वाटलं, स्वतःचाच असंल.

आमी चार पिढ्यांचे ख्रिस्ती. चर्चला नवीन पाळक आले, आदर्श नावाचे, बारीक आवाजाचे, लई सरळ माणूस. एका रविवारी त्यांनी स्वर्गारोहणाचा उपदेश काढला. म्हनले, प्रभू एवढा खाली उतरला की नोकर झाला, चोरांच्या मधी लाकडावर मेला. म्हनूनच देवानं त्याला उठवलं, सगळ्यांच्या वर नेलं आन् आपल्या उजव्या हाताला बसवलं. ह्याच्यापेक्षा मोठा मान न्हाय.

भर उपदेशात मालक उभं! "पाळकसाहेब, एवढा मान झाला, तर फेटा कुटं हाय?"

मी त्यांचा सदरा ओढला, पर बसतंय कोन? आमच्या गावात फेट्याबिगर मान म्हंजे मिठाबिगर रस्सा.

पाळकसाहेब हळूच म्हनले, "आकारामदादा, त्या डोक्यावर काट्यांचा मुकुट घातला होता."

"त्येच म्हंतोय की! त्या डोक्याला माणसानं काय बांधलं? काटं! फेटा कुनी बांधला का? मी बांधनार. गुरुवारी, स्वर्गारोहणाच्या सनाला. माझा शेवटचा."

कुनी हसलं न्हाय. माझ्या डोळ्यात पानी आलं, आन् मला न इचारता शब्द दिला म्हनून रागबी आला.

मग कमिटी बसली. पैला प्रश्न, डोकं कुटनं आनायचं? आमच्या चर्चमधी मूर्ती न्हाय, फोटो न्हाय. पाळकसाहेबांच्या डोक्याकडं समद्यांनी बघितलं, तर ते दारापतूर पळालं. "तो मान माझा नव्हं!" शेवटी ठरलं, स्टेजवर उजवीकडं खुर्ची मांडायची, तिच्यावर फेटा. त्यावर उजवीकडं म्हंजे स्टेजवरनं का लोकांकडनं, ह्यावर दोन तास भांडण. खुर्ची मधीच ठेवली आन् ईतभर सरकवली. सेक्रेटरी म्हनला, "दादांचा हात चालत न्हाय, रेडिमेड आणू."

"रेडिमेड? टोपी हाय ती, टोपी!" मालक असं वरडलं की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.

पर घरी आल्यावर जेवंनात. त्यांचे उस्ताद गौसचाचा गेले त्याला लई वर्षं झाली, पर त्यांचा एक शब्द मालकांनी कवा मोडला न्हाय. चाचा सांगायचे, "फेटा डोक्यावर बांध. रिकामा फेटा खुर्चीवर ठेवत्यात तो मेलेल्याचा."

"शाले," मालक म्हनलं, "रिकामा ठेवला तर प्रभू मेला असं मीच गावाला सांगितल्यागत हुतंय. न्हाय बांधला तर टोपी येत्या. जलमभर बांधलं, आन् ह्यो एक चुकला तर काय उपेग गं?"

ताट म्होरं सरकवत मी म्हटलं, "बांधा. बघू."

गुरुवारी दुपारी मालक दुखरा उजवा गुडघा वर घेऊन बसलं. गौसचाचांनी शिकवताना गुडघ्यावरच बांधायला लावलं हुतं. हात थरथरत हुतं तरी नऊ मीटर कापड असं बसवलं की सुरकुती शोधून सापडंना. पाच वाजता चर्चच्या स्टेजवर मंगल कार्यालयाची लाल मखमली खुर्ची, तिच्यावर भगवा फेटा, खुर्चीला गुलाबाचा हार. आमी बाया पांढऱ्या साड्या नेसून, सनाला नेसतो तशा. उकाडा म्हनून दारं सताड उघडी.

समोर हंबीररावांची दुधाची डेअरी. त्यांनी खुर्ची बघितली, हार बघितला, पांढऱ्या साड्या बघितल्या. निम्मं शटर वडलं, डोक्याला टोपी घातली आन् मान खाली घालून आत आले. मागनं निम्मी गल्ली.

"कवा झालं?" त्यांनी पाळकसाहेबांस्नी इचारलं.

पाळकसाहेबांस्नी खोटं बोलता येत न्हाय. "शुक्रवारी. दुपारी तीनला."

"आन् आज कळवताय व्हय! वय काय हुतं?"

"तेहतीस."

"आरारारा! तरणंताठं! ॲटॅक?"

"नाही. मारलं."

"कुनी?"

"आपण सगळ्यांनी."

हंबीरराव दोन पावलं मागं सरले. "मी तर डेअरीतच हुतो की ओ!"

"पण ते तिसऱ्या दिवशी उठले," पाळकसाहेब घाईनं म्हनले. "आता देवाच्या उजवीकडं बसलेत."

हंबीररावांनी खुर्चीकडं बघितलं, परत पाळकसाहेबांकडं बघितलं. "उठले म्हंतायसा, मग फेट्यात डोकं का न्हाय?"

तेवढ्यात त्यांच्या घरनं पिठलं-भाकरीची बुट्टी आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत न्हाईत, म्हनून.

बुट्टी बघितली आन् मालक पांढरंफटक पडलं. "झालं. चाचा बरोबर बोलत हुतं. मी माझ्या हातानं त्याला मारला." गेले स्टेजवर आन् फेटा सोडायला कापडाच्या टोकाची शेव धरली.

माझं डोकं फिरलं. मी तितनंच वरडून म्हटलं, "सोडू नगासा! शास्त्र ऐकता का नुसतं बसायला येता चर्चला? प्रभू उठला त्या सकाळी थडग्यात काय घावलं? डोक्याला बांधलेलं फडकं! येगळं ठेवलेलं, गुंडाळल्यालं! त्यात तरी डोकं हुतं का?"

मालकांचा हात थांबला. मंग धंद्याचं बोलल्यागत इचारलं, "गुंडाळी मोडली नव्हती?"

"न्हाय," पाळकसाहेब म्हनले. त्यांचा आवाज पैल्यांदाच मोठा निघाला.

"चोरानं प्रभूला नेला असता तर फडकं वडलं असतं, फेकलं असतं. नीट ठेवून कोन जातंय?" मालक फेट्याकडं बघत बसलं. "म्हंजे उठला, आन् रिकामं ठेवून गेला. मेलेल्याचं न्हवं ते. उठलेल्याचं हाय."

"म्हंजे पावणं वर गेल्यात म्हना की," हंबीरराव म्हनले आन् टोपी काढून खिशात घातली. "मग पिठल्याचं काय करायचं?"

"खायाचं," मी म्हटलं.

मालकांनी शेव परत बसवली, तुरा सारखा केला. पन्नास वर्षं गिऱ्हाईक खाली बसतंय आन् हे उभं राहून बांधत्यात. मोठ्यातल्या मोठ्याचं डोकं ह्यांनी वरनंच बघितलं. आता खुर्चीम्होरं गुडघं टेकलं, तेच दुखरं गुडघं, आन् छताकडं बघाय लागलं.

"शाले," म्हनलं, "हे एकच डोकं माझ्या हाताच्या वर गेलं गं." आन् ल्हान लेकरागत रडलं.