सरकारी होडीचं गाऱ्हाणं

माझा पुतण्या हल्ली कॉलेजात शिकवतो. परवा घरी आला आणि म्हणाला, "काका, संशोधनासाठी ग्रँट मागायची आहे. प्रस्ताव मंजूर व्हायला नेमकं काय लिहावं लागतं?"

मी म्हटलं, "बस, चहा घे. नियम मला एकही ठाऊक नाही. किस्से मात्र आहेत."

असे किस्से जमवावे लागत नाहीत हो! सरकारकडे एक वस्तू मागायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. किस्से आपोआप साचतात, पावसाळ्यात पायरीवर शेवाळ धरतं तसे.

आमचं ऑफिस मालवणला, बंदराजवळ, भाड्याच्या कौलारू घरात. पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. दारावर मत्स्य संशोधन उपकेंद्राची पाटी आणि आत आम्ही तिघं. डॉक्टर सबनीस हे साहेब, पुण्याचे, माशांवर डॉक्टरेट केलेले. भाऊ सामंत हे कारकून, पक्के मालवणी. आणि मी सहायक. समोर अख्खा अरबी समुद्र, आणि समुद्रावर संशोधन करणाऱ्या या ऑफिसकडे होडी नव्हती!

डॉक्टरांना आयुष्यात एकच प्रश्न पडला होता. पावसाळा आला की बांगडा जातो कुठे? आणि एकच इच्छा होती. रिटायर व्हायच्या आत केंद्राच्या स्वतःच्या होडीत बसून त्याच्या मागावर जायचं. बढती नको, बदली नको, एक होडी द्या! एवढ्यासाठी तो माणूस दर वर्षी प्रस्ताव लिहायचा आणि दर वर्षी आम्ही कपाळाला हात लावायचो.

*

होडी भाड्यानं का घेत नव्हता, असं पुतण्यानं विचारलंच. घ्यायचो ना! बाबी तांडेलाची होडी होती. बाबी म्हणजे आमच्या बंदरावरचा जुना दर्यावर्दी, दणकट आवाजाचा आणि स्वभावानं लाख माणूस. पण मासे असले की बाबी मासेमारीला जायचा, आणि मासे नसले की होडी आम्हाला द्यायचा.

त्यामुळे आमच्या शास्त्रीय निरीक्षणांनुसार मालवणच्या समुद्रात मासाच नव्हता!

डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, "बाबी, मासे असताना एकदा तरी ने रे मला."

बाबी म्हणाला, "डॉक्टरानू, मासो आसताना तुमका घेतलंय, तर मासो खंय ठेवू?"

*

पहिला प्रस्ताव डॉक्टरांनी अगदी प्रामाणिकपणे लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'बांगडा पावसाळ्यात कुठे जातो हे आम्हाला माहीत नाही.'

भाऊ सामंत टाइप करता करता थांबले. "साहेब, सरकारी कागदात 'माहीत नाही' लिहू नये. बरं दिसत नाही."

"अहो, माहीत नाही म्हणून तर संशोधन!"

"तुमका पटता ता लिवा," भाऊ पुटपुटले. ऑफिसात ते शुद्ध बोलत, पण वैताग आला की थेट मालवणीवर यायचे.

सहा-सात महिन्यांनी वरून उत्तर आलं. 'सदर बाब आपणांस माहीत नसल्यास, ज्यांस माहीत आहे अशा अधिकाऱ्याशी परस्पर संपर्क साधावा.'

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी माहीत असलेलं सगळं लिहिलं, नकाशे जोडले, तक्ते जोडले. उत्तर आलं की एवढी माहिती उपलब्ध असताना नव्या संशोधनाचं प्रयोजन दिसत नाही. आता सांगा, अशा लोकांपुढे डोकं कुठे आपटायचं?

*

मग एका वर्षी वरून विचारणा झाली, 'हे संशोधन किनाऱ्यावरून करता येणार नाही काय?'

डॉक्टरांनी खाली लिहिलं, 'येईल. माशांना तसे कळवावे.'

भाऊंनी ते वाक्य खोडलं. त्यांनी वरच्यांना समजेल अशा भाषेत खुलासा केला की कर्मचाऱ्यांना कामासाठी ये-जा करावी लागते, सबब साधन हवे. आणि काय आश्चर्य, मंजुरी आली! आम्ही पेढे वाटले. डॉक्टर तर लहान मुलासारखे दिवसातून चार वेळा बंदरावर जाऊन होडी कुठे बांधायची ती जागा बघून यायचे.

महिनाभरानं एस.टी.च्या टपावरून आमचं साधन उतरलं. सायकल! नवी कोरी, घंटीसकट.

सगळं बंदर बघायला जमलं. बाबी तांडेलानं सायकलीला एक फेरी मारली, हँडल धरून बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "डॉक्टरानू, हेची वल्ही खंय आसत?"

*

साठ साली महाराष्ट्र राज्य झालं. आम्हीही आनंदानं तोरण बांधलं. पण आमची फाईल त्या वेळी नेमकी जुन्या राज्याच्या कुठल्यातरी टेबलावर होती, आणि वाटणीत ती गुजरातेत गेली. तिकडून सभ्य भाषेत पत्र आलं की मालवण हे गाव आपल्या राज्यात आढळून येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "चला, बांगडा नाही तर नाही, निदान त्याची फाईल कुठे गेली ते तरी कळलं."

*

होडी जवळजवळ पदरात पडली होती असंही एक वर्ष आलं. वरून निरोप आला, 'तीन वेगवेगळ्या होडीबांधणी करणाऱ्यांची कोटेशने पाठवा. सर्वांत कमी दराचे मान्य होईल.'

आता आमच्या खाडीवर होडी बांधणारा मेस्त्री एकच. भाऊ त्याच्याकडे गेले आणि समजावून आले की एक कोटेशन तुझं, एक धाकट्या भावाच्या नावानं, एक मेव्हण्याच्या नावानं. तुझं तेवढं कमी ठेव. मेस्त्रीनं मान डोलावली. कोटेशनं बंद पाकिटांतून परस्पर वर गेली.

मान्य झालं धाकट्या भावाचं! तो बाजारात चहाचं हॉटेल चालवायचा. त्यानं जन्मात रंधा हातात धरला नव्हता.

भाऊ धावत मेस्त्रीकडे गेले. "अरे, तुझो आकडो सगळ्यात मोठो कसो?"

मेस्त्री उलट त्यांच्यावरच उखडला. "मगे काय! घरात थोरलो कोण? माझ्यापरास धाकट्याचो आकडो मोठो झालो तर वाडीत माका कोण इचारतलो?"

हॉटेलवाल्यानं होडी बांधायला साफ नकार दिला आणि ती मंजुरी तशीच गेली. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा मला म्हणाले, "नाईक, माझं वय होत चाललं रे." मला फार वाईट वाटलं.

*

तपासणी करणारे साहेब नेहमी मे महिन्यात यायचे. का, ते देवगडच्या आंब्यांना विचारा. तर असेच एक साहेब आले. सकाळी डॉक्टरांनी एक सुंदर सुरमई नमुना म्हणून आणली होती. मापं घेतली, शेपटीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आणि साहेबांना दाखवायला टेबलावर ठेवली.

आमच्या घरमालकीण बेबीवैनी पाहुण्यांचं जेवण करायच्या. त्यांनी टेबलावर सुरमई बघितली. पाहुणे येणार, सुरमई आणून ठेवलेली, दुसरा काय अर्थ होणार? त्यांनी ती नेली, तुकडे केले आणि तळली.

जेवताना साहेबांच्या ताटात दोरा निघाला, त्याला अर्धी जळकी चिठ्ठी. साहेब म्हणाले, "हे काय?"

डॉक्टर पांढरेफटक पडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "नंबर आहे, साहेब. आमच्याकडे नोंद केल्याशिवाय काही वाढत नाहीत."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'नमुन्यांचा दर्जा उत्कृष्ट.' होडीबद्दल एक अक्षर नाही!

*

आणि आता शेवटचं वर्ष. पुढच्या चैत्रात डॉक्टर रिटायर होणार होते. थेट दिल्लीहून समिती येणार असं कळलं. ही संधी गेली की संपलं.

भाऊ म्हणाले, "साहेब, सगळे उपाय झाले. आता देवाक गाऱ्हाणा घालूया."

डॉक्टर देवबिव मानणारे नव्हते. पण इतक्या वर्षांत इतका थकला होता तो माणूस, की गुपचूप चपला घालून निघाला. देवळात मानकऱ्यानं नारळ ठेवला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!"

जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो डॉक्टर तुझ्या दारात इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका एक होडी व्हयी आसा, म्हाराजा! कोणी आडवो येत आसात, तेका बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर आल्यावर डॉक्टर पायरीवरच बसले. "भाऊ, याला म्हणतात प्रस्ताव! कोणाकडे मागतो, कोण मागतो, काय हवं, अडचण कोणती. सगळं चार वाक्यांत! आणि मी मूर्ख, एवढाले तक्ते जोडत बसलो."

त्यांनी जुना प्रस्ताव बाजूला टाकला आणि इंग्रजीत नवा लिहिला. छोटी छोटी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर'.

समितीत दोघे जण होते. दोघांनाही मराठीचा गंध नाही. बैठक आमच्या ओट्यावर, आणि अंगणात बाबी तांडेलासह सगळी वाडी. डॉक्टर उभे राहिले. घसा साफ केला आणि खड्या आवाजात पहिलं वाक्य वाचलं. शेवटी जोरात म्हणाले, "सर!" आणि श्वास घ्यायला थांबले.

अंगणातून गर्जना झाली, "व्हय म्हाराजा!"

समितीचे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. अहो, अंगणातल्या लोकांना इंग्रजीचा एक शब्द कळला नव्हता. पण कुणीतरी उभा राहून मोठ्या माणसापुढे आवाज चढवून मागतो आहे आणि मध्ये थांबतो आहे, म्हटल्यावर तोंडून दुसरं काय निघणार? डॉक्टरही मग थांबेनात. एक वाक्य, "सर!" आणि "व्हय म्हाराजा!" मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, झालं, आता सायकलही परत नेतील!

अध्यक्षांनी भाऊंना विचारलं, "हे लोक काय म्हणताहेत?"

भाऊ म्हणाले, "पब्लिक सपोर्ट, सर!"

होडी मंजूर झाली.

*

मंजूर झाली, पण आली कधी? डॉक्टर चैत्रात रिटायर झाले आणि होडी आषाढात आली! त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. डॉक्टर पुण्याला गेले नाहीत. मालवणातच खोली घेऊन राहिले आणि रोज बंदरावर येऊन लांबून होडी बघायचे.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची ठरली. मुंबईहून नवे साहेब आले होते, तरुण, बूट घालून वाळूत उभे. भाऊंनी विचारलं, "डॉक्टरांना एक फेरी न्यायची का?"

"सेवानिवृत्त व्यक्तीला सरकारी होडीत बसता येत नाही," नवे साहेब म्हणाले. "नियम आहे."

डॉक्टरांनी ऐकलं. "बरोबर आहे," म्हणाले आणि मागे सरले.

तेवढ्यात बाबी तांडेल पुढे झाला आणि होडीला पाठ लावून उभा राहिला. "सायबानू, गाऱ्हाणा घातल्याशिवाय होडी पाण्यात जावची नाय. आणि गाऱ्हाणा घालणारो होडीत उभो रवाक व्हयो. आमची रीत आसा."

"मग घाल की तू."

"जेना मागल्यान, तेना घालूक व्हया."

नवे साहेब इकडे तिकडे बघू लागले. होडी ढकलायला जमलेल्यांतला एकही माणूस हात लावेना. शेवटी ते म्हणाले, "लवकर आटपा."

बाबीनं डॉक्टरांना हात देऊन होडीत चढवलं. भाऊंनी नारळ दिला. इतकी वर्षं मालवणात राहून डॉक्टर कधी मालवणी बोलले नव्हते. दोन्ही हातांत नारळ धरून ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मग खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! पावसात बांगडो खंय जाता, ता आमका म्हायत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किनारा ओरडला. त्यात एक आवाज नव्या साहेबांचाही होता.