भिमाजीचे तळपाय

आमच्या गावचा बैलगाडा घाट, म्हणजे शर्यतीचे गाडे पळवायची चढाची वाट, तालुकाभर नावाजलेला. तो राखला भिमाजीने. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतही त्याने घाटात बाभळीचं रोप टिकू दिलं नाही. शर्यतीच्या सकाळी तो सगळा घाट अनवाणी चालतो. मातीखालचा खडा डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला कळतो.

यंदा दोनदा चालूनही तो पुन्हा खाली येऊन घुटमळत राहिला. गाडे जुंपायची वेळ झाली होती.

“काय रे, चैन पडेना?” मी विचारलं.

“गुरुजी, साखरेनं पाय बधिर झालेत. खडा लागतच न्हाई. बैल ठेचाळला तर?”

“शर्यतीच्या कमिटीला सांग.”

“मग घाट दुसऱ्याला देतील की!”

भाकरी घेऊन आलेल्या साळुबाईने, त्याच्या बायकोने, हे ऐकलं. चपला काढून ती घाटात उतरली.

“वहिनी, गाड्यांच्या बारीला पळताय का?” कुणीतरी ओरडलं.

“पळते की, तू बैल हो!”

चालत वर शेवटच्या निशाणाजवळ पोचल्यावर ती वाकली. परत येऊन तिने सुपारीएवढा धारदार खडा भिमाजीच्या हातावर ठेवला.

तो बघून भिमाजी सरळ कमिटीच्या मांडवात गेला. म्हणाला, “घाट साफ हाय. पण मी न्हाई, यंदा हिनं बघितलाय.”