बोर्डाचा तागा तपासणारे मामा

भारतीय क्रिकेटचा कारभार बिघडण्याचं खरं कारण एकच आहे, तो माझ्या मामेसासऱ्यांना न विचारता चालवला जातो. हे मत अर्थात त्यांचंच आहे. पण गेली बारा वर्षं ते माझ्या कानावर इतक्या वेळा आणि इतक्या जवळून पडलंय, की आता ते माझंही झालंय. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे अमळनेरकडचे, पण उभं आयुष्य सुरतेत गेलं. राहतात नवागामला आणि नोकरी केली भेस्तानच्या एका कापड कारखान्यात, तपासनीस म्हणून. मागावरून उतरलेला तागा उजेडाच्या टेबलावरून सरकवायचा, धागा तुटलेला दिसला की खडूची खूण करायची, आणि खुणा फार झाल्या की अख्खा तागा 'सेकंड' म्हणून बाजूला काढायचा. लग्नसराईच्या घाईत एकदा शेठनं त्यांना विनवलं की जरा डोळेझाक करा, तर मामांनी चष्मा काढून शेठच्या हातात दिला आणि म्हणाले, "मग तुम्हीच तपासा." तीस वर्षांत त्यांनी एकही सदोष तागा पुढे जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर तागे संपले, पण नजर तशीच तीक्ष्ण राहिली. ती त्यांनी क्रिकेट बोर्डाकडे वळवली.

संघ जाहीर झाला की मामांची तपासणी सुरू होते. वर्तमानपत्रातली यादी कापून ते पाटावर ठेवतात, आणि खरोखरीचा खडू घेऊन एकेका नावावर खूण करत जातात. "हा बघा, काठाला विरलाय. याला विश्रांती कशाची दिली? काय मजुरी केली यानं? आणि हे चार जण कोण? हाई टीम शे का वरात शे?" मामा एरवी माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलतात, पण बोर्डाचा विषय निघाला की अहिराणीवर येतात. पंधरापैकी नऊ-दहा नावं सेकंड निघतात. मग स्वतःचा संघ लिहितात. त्यात पहिलं नाव कायम एकच असतं, आणि ते बोर्डाच्या यादीत कधीच नसतं. हा एक डावखुरा फलंदाज. नवागामशेजारच्या लिंबायतच्या गल्लीत वाढलेला, मराठी घरातला, वडील यंत्रमागावर. राज्याच्या संघाकडून वर्षानुवर्षं धावा काढतोय, पण देशाच्या संघाचं दार काही उघडत नाही. बोर्ड आपापली माणसं घेतं असा मामांचा मुख्य आरोप आहे. तुम्हीही आपल्याच गल्लीतला घेताय, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यानंतर दोन रविवार त्यांनी मला चहा विचारला नाही.

या डावखुऱ्यासाठी मामा बोर्डाला पत्रं लिहितात. हिंदीत, रजिस्टर पोस्टानं, पोहोचपावतीसकट. पत्राची पद्धत कारखान्यातल्या अहवालाची. दोष क्रमांक एक, डावखुऱ्याला वगळणे: जागा, कारण, शेरा. दोष क्रमांक दोन, देशातले सामने रिकाम्या मैदानावर होतात, कारण ते कधी आणि कुठे आहेत हे खेळणाऱ्यांशिवाय कुणाला कळत नाही. दोष क्रमांक तीन, तारखा बदलणे. (या तिसऱ्या दोषामागे घरगुती दुःख आहे. धाकट्या भाचीचा साखरपुडा त्यांनी सामन्याचं वेळापत्रक बघून ठरवला होता. पत्रिका वाटून झाल्यावर बोर्डानं तारीख हलवली, ती नेमकी साखरपुड्यावर आणली. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत मामा डावीकडे बघताहेत. डावीकडे शेजाऱ्याची खिडकी होती, आत टीव्ही चालू.) पत्राला उत्तर कधी येत नाही, पोहोचपावती मात्र येते, आणि मामा तिलाच उत्तर समजतात. तिच्यावरच्या सहीचा ते बराच वेळ अभ्यास करतात. "या वेळी सही घाईत केलीय. झोंबलेलं दिसतंय," असं म्हणून पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. सही टपाल घेणाऱ्या शिपायाची असते, हे त्यांना सांगायची हिंमत घरात कुणाला नाही. मामी मला हळूच म्हणतात, "बोर्ड आयकत नही त्यास्नं, म्हणून ते मना डोकावर बठतस."

एकदा मी त्यांच्यासाठी मोठ्या सामन्याची तिकिटं काढायला बसलो होतो. मामांनी सकाळी आंघोळ केली, मोबाइलला उदबत्ती ओवाळली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. पडद्यावर आलं की आपण रांगेत आहात, कृपया थांबा. "आपल्या पुढे कोण आहे?" मामांनी विचारलं. ते दिसत नाही म्हटल्यावर ते बिथरले. मामांनी रेशनला, रॉकेलला, गावी जायच्या गाडीला रांगा लावलेल्या आहेत. ज्या रांगेत पुढच्याची पाठ दिसत नाही ती रांग त्यांना मान्य नाही. पाऊण तासानं तिकिटं संपल्याचं कळलं. मामांनी त्याच दिवशी बहिष्कार जाहीर केला. घरातला टीव्ही बंद, त्यावर भरतकामाचा रुमाल. बहिष्कार त्यांनी अगदी कडक पाळला, फक्त संध्याकाळी फिरायला जायचा रस्ता बदलला. नव्या रस्त्यावर टीव्हीची तीन दुकानं होती. घरी बसले तरी शेजारी आरडाओरडा झाला की मला म्हणायचे, "जावाई, बघा बरं कुणाला काही लागलं-बिगलं का?" मी जाऊन बघून यायचो आणि सांगायचो की कुणाला काही लागलं नाही, दोन बाद एकशे चाळीस आहेत. "मी स्कोर विचारला नव्हता," असं म्हणून ते मग निवांत जेवायचे.

गेल्या हिवाळ्यात राज्याच्या संघाचा चार दिवसांचा सामना सुरतेत होता. प्रवेश फुकट. अशा सामन्याला मामा दरवर्षी चारही दिवस जातात, भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन. या वेळी त्यांनी मलाही बँकेत रजा टाकायला लावली. डावखुरा चौतिशीला आला होता, गुडघा कुरकुरत होता, आणि हा त्याचा शेवटचा मोसम अशी कुणकुण होती. आठवड्याभरात परदेश दौऱ्याचा संघ निवडायचा होता. "इथं एक शतक ठोकलं ना, तर या वेळी घ्यावंच लागेल त्यांना," मामा रिक्षात सांगत होते. "बारावं पत्र टाकलंय मी." आवाज ठणठणीत होता, पण डब्याची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

पहिल्या दिवशी आमचा संघ क्षेत्ररक्षणाला होता. स्टँडमध्ये आम्ही दोघं, एक पेंगणारा पोलिस आणि कुणाचेतरी तीन नातेवाईक. दुपारी डावखुरा नेमका आमच्यासमोर सीमारेषेवर येऊन उभा राहिला. दोन षटकांच्या मधे मागे वळून म्हणाला, "काका, तुम्ही दरवर्षी इथंच बसता ना? डबा घेऊन?"

 मामांनी नुसती मान हलवली. मी उत्साहानं म्हणालो, "अहो, हे तर तुमच्यासाठी..." एवढ्यात मामांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं. डावखुरा हसला आणि आपल्या जागेवर गेला. मी विचारलं, मामा, सांगू का नाही दिलंत? बारा पत्रं लिहिलीत तुम्ही त्याच्यासाठी!

"उत्तर एकाचंही नाही आलं, जावाई," मामा मैदानाकडे बघत म्हणाले. "ते ऐकून त्याला काय बरं वाटणार आहे?"

 इतकी वर्षं आम्ही सगळे घरात त्यांना सांभाळून घेत होतो, आणि त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डावखुरा फलंदाजीला आला. मामांनी डबा उघडला नाही, पाणी प्यायले नाहीत. पहिले तीन चौकार असे गेले की मीसुद्धा उभा राहिलो, आणि मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही. मामा बोटांवर मोजत होते, शतकाला किती राहिले ते. सोळावर असताना फिरकी गोलंदाजाच्या हातून चेंडू निसटला. टप्पा न पडता सरळ मांडीएवढा आलेला फुलटॉस. गल्लीतलं पोरगंही तो शेतात भिरकावील. डावखुऱ्यानं तो थेट मिडविकेटच्या ओंजळीत दिला.  मग बॅट काखेत धरून चालू लागला. दौरा गेला, आणि बहुधा सगळंच गेलं, हे त्याला कळलं होतं आणि आम्हालाही.

पॅव्हेलियनची वाट आमच्या स्टँडखालून जाते. मामा घाईघाईनं पायऱ्या उतरून कठड्याशी गेले. मी मनातून घाबरलो. या माणसानं आजवर कुणाची गय केलेली नाही, आता त्याला काय सुनावतात कोण जाणे, म्हणून मी मागोमाग धावलो. डावखुऱ्यानं हेल्मेट काढलं होतं. मामांना पाहून तो थांबला.

"बॉल चांगला होता," मामा म्हणाले.

त्यानं मामांकडे बघितलं. "काका, फुलटॉस होता."

"असेल," मामा म्हणाले. "पण चांगला होता."